परतलेल्या वैमानिकाची साक्ष

रॉबर्ट मेसन हा अमेरिकी सैन्यातला हेलिकॉप्टर वैमानिक. १९६५-६६ या एका वर्षात त्याने व्हिएतनाममध्ये हजाराहून अधिक लढाऊ फेऱ्या मारल्या. तो धडधाकट घरी परतला आणि सतरा वर्षांनी, १९८३ मध्ये, त्याचं ‘चिकनहॉक’ हे आत्मकथन प्रसिद्ध झालं. यवतमाळातले आम्ही काही वाचक हे पुस्तक एकत्र बसून वाचायला घेतो आहोत. पुस्तक इंग्रजीत आहे, त्यातलं युद्ध साठ वर्षांपूर्वीचं आणि दूरच्या देशातलं आहे, यंत्रांची नावं अनोळखी आहेत. त्यामुळे वाचायला बसण्याआधी चार गोष्टी सांगणं गरजेचं वाटलं. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. या पुस्तकाचं मोल त्यातल्या लढायांपेक्षा लढाई संपल्यानंतरच्या पानांत जास्त आहे, आणि ती पानं समजून घ्यायला आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला फार सायास पडणार नाहीत.

आपल्याकडे हेलिकॉप्टर दिसतं ते बहुधा निवडणुकीत. सभेच्या मैदानाशेजारी चुन्याने गोल आखलेला असतो, धुरळा उठतो, पोरं धावत सुटतात. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं तेव्हा हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांना पाचारण करावं लागलं, तेही अनेकांच्या लक्षात असेल. आणि शेजारच्या गडचिरोलीत चकमक झाली की जखमी जवानांना घेऊन हेलिकॉप्टर नागपूरकडे निघतं, ही बातमी तर विदर्भाने अनेकदा वाचली आहे. ‘जखमींना हेलिकॉप्टरने नागपूरला हलवण्यात आलं’ एवढं एक वाक्य छापून येतं. त्या वाक्याच्या आत बसलेला, दोन्ही हात आणि दोन्ही पाय यंत्रात अडकलेला माणूस आपल्याला दिसत नाही. मेसनचं पुस्तक त्या माणसाच्या जागेवर नेऊन बसवतं.

मेसनला लहानपणापासून उडण्याचं वेड. शाळेच्या वयातच तो छोटं विमान चालवायला शिकला. १९६४ मध्ये सैन्यात गेला तो उडायला मिळावं म्हणून; लढायची हौस अशी नव्हती. टेक्सासमधल्या फोर्ट वोल्टर्सला प्राथमिक शिक्षण, पुढचं अलाबामातल्या फोर्ट रकरला. हेलिकॉप्टर शिकण्याची ही प्रकरणं ज्यांना कंटाळवाणी वाटतील त्यांना माझी विनंती आहे, ती गाळू नका. हवेत एका जागी स्थिर राहणं ही या विद्येतली सगळ्यात कठीण गोष्ट. डाव्या हातातला दांडा वर ओढला की यंत्र उचललं जातं. उजव्या हातातला दांडा ज्या बाजूला झुकवाल त्या बाजूला डोक्यावरचा पंखा झुकतो आणि यंत्र तिकडे सरकतं. पायाखालच्या पेडलांनी शेपटीचा पंखा आवरायचा, नाहीतर सगळं धूड भोवऱ्यासारखं फिरायला लागतं. यातलं एक हलवलं की बाकीची दोन बिघडतात. ज्याने कपाशीत डवरा धरला आहे त्याला हे समजावून सांगायला नको. रुमण्यावर हात जड पडला तर पास खोल जाते, हलका पडला तर तण तसंच राहतं, आणि बैल, ओळ, पऱ्हाटीचं झाड या सगळ्यांवर एकाच वेळी ध्यान ठेवावं लागतं. मेसन हे शिकणं इतक्या बारकाईने सांगतो की पुढे त्याच्यावर गोळीबार होतो तेव्हा वाचकाला कळून चुकतं, या माणसाला डोकं खाली घालायलासुद्धा हात मोकळा नाही.

उन्हाची गोष्टही लक्षात ठेवा. तापलेली हवा विरळ असते आणि विरळ हवेत पंख्याला पुरेशी पकड मिळत नाही. मे महिन्यातल्या यवतमाळसारख्या उन्हात, भरलेल्या टाकीसह, आठ-दहा हत्यारबंद जवान पोटात घेऊन ‘ह्युई’ जातीचं हेलिकॉप्टर कधी कधी सरळ वर उठतच नाही. मग वैमानिक ते जमिनीपासून हातभर वर ठेवून पुढे पुढे सरकवतो. पंधरा-वीस नॉटचा वेग आला की पंख्याखाली ताजी हवा येते आणि यंत्र एकदम हलकं होतं. तोवर समोरची झाडं जवळ येत असतात आणि पंख्याचे फेरे दाखवणारा काटा खाली उतरत असतो. मेसन असे क्षण फुलवून सांगत नाही. काटा कुठे होता, झाडं किती लांब होती, हाताने काय केलं, एवढंच सांगतो. त्याची भीती आपल्यापर्यंत पोहोचते ती या हिशेबी सांगण्यामुळे.

तो गेला तो पहिल्या कॅव्हलरी डिव्हिजनमधून. हेलिकॉप्टरांच्या जोरावर लढायचं, रस्त्यांची आणि पुलांची वाट पाहायची नाही, जवानांना थेट शत्रूच्या अंगणात उतरवायचं, हा त्या काळातला नवा विचार होता आणि ही डिव्हिजन त्याच विचाराने उभी केलेली. तळ आन खे या गावाजवळ, मध्य व्हिएतनामच्या डोंगराळ पट्ट्यात. नोव्हेंबर १९६५ मध्ये इया द्रांगच्या खोऱ्यात त्या विचाराची पहिली मोठी परीक्षा झाली. १४ नोव्हेंबरला लेफ्टनंट कर्नल हॅल मूर यांची तुकडी जिथे उतरली तिथे उत्तर व्हिएतनामची फौज अगदी जवळ होती. वैमानिक पुन्हा पुन्हा त्याच मोकळ्या जागेत उतरत राहिले. जाताना दारूगोळा आणि पाणी, येताना जखमी. ब्रूस क्रँडल आणि एड फ्रीमन या दोन वैमानिकांना त्या दिवसासाठी अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. पण फ्रीमनला २००१ मध्ये आणि क्रँडलला २००७ मध्ये. मेसन त्यांच्याच बटालियनच्या दुसऱ्या कंपनीत होता.

जवान उतरवणाऱ्या हेलिकॉप्टरांचा नियम सरळ होता. रांगेत उडायचं, रांग मोडायची नाही, ठरलेल्या जागी उतरायचं, माणसं उतरेपर्यंत थांबायचं. गोळ्या येत असल्या तरी. सकाळी ज्या पोरांना हसतखिदळत नेलं त्यांतल्या काहींना संध्याकाळी त्याच यंत्रातून, त्याच पत्र्यावर आडवं घालून आणायचं. मेसनच्या आयुष्याचा पुढचा सगळा भाग या एका गोष्टीतून निघतो असं मला पुस्तक वाचताना वाटत राहिलं. पायदळातला जवान शत्रूवर गोळी तरी झाडतो. वैमानिक फक्त नेतो आणि आणतो. आपण नेलेल्या माणसाचं काय झालं हे त्याला परतीच्या फेरीत कळतं.

व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेची सुमारे १२,००० हेलिकॉप्टरं वापरली गेली, त्यांतली ५,००० हून अधिक नष्ट झाली, आणि २,२०० च्या आसपास हेलिकॉप्टर वैमानिक मरण पावले. पण जे परतले त्यांचा आकडा कुठल्या रकान्यात मांडायचा?

आता आपल्याकडे या. भारतीय हवाई दलात हेलिकॉप्टर १९५४ मध्ये आलं आणि १९७१ च्या युद्धात त्याने इतिहास घडवला. मेघना नदीवरचा आशुगंजचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवून दिला होता. लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांनी पूल दुरुस्त होण्याची वाट न पाहता फौज हवेतून पलीकडे न्यायचं ठरवलं. ९ डिसेंबरपासून ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्या देखरेखीखाली मी-४ जातीची मूठभर हेलिकॉप्टरं दिवसरात्र नदी ओलांडत राहिली, रात्री टॉर्चच्या उजेडावर उतरत राहिली, आणि ढाक्याचा रस्ता मोकळा झाला. ही कथा आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावीच.

पण त्याच दलाच्या वाट्याला श्रीलंकेतलं जाफनाही आलं. ऑक्टोबर १९८७ मध्ये, ११ आणि १२ तारखेच्या मधल्या रात्री, जाफना विद्यापीठाच्या मैदानावर मी-८ हेलिकॉप्टरांनी कमांडो आणि शीख लाइट इन्फंट्रीचे जवान उतरवले. तमिळ वाघ तयारच होते. गोळीबार इतका झाला की यंत्रं चाळणी होऊन परतली आणि पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या. शीख लाइट इन्फंट्रीच्या उतरलेल्या तीस जवानांतले एकोणतीस मारले गेले, एक पकडला गेला. ज्यांनी त्यांना तिथे उतरवलं त्या वैमानिकांनी त्यानंतरच्या रात्री कशा काढल्या असतील? ही मोहीम कुठे आणि कशी चुकली याबद्दल बरंच लिहिलं गेलं. या प्रश्नाला मात्र कुणी हात लावत नाही. कारगिलमध्ये २८ मे १९९९ ला तोलोलिंगजवळ मी-१७ पाडलं गेलं. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट प्रसाद आणि सार्जंट साहू हे चौघे गेले. त्यानंतर सशस्त्र मी-१७ त्या कामातून मागे घेण्यात आली.

महाराष्ट्राच्या मनाला सगळ्यात जवळची जखम २०१९ ची. २७ फेब्रुवारीच्या सकाळी, बालाकोटवरच्या हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, श्रीनगरहून उडालेलं मी-१७ बडगाममध्ये कोसळलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडले. त्या सहांमध्ये नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ते यंत्र आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं होतं. त्या वर्षी ४ ऑक्टोबरला हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंग भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. ते मान्य करणं सोपं नव्हतं आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण चूक मान्य झाल्यावरही घरात उरतं ते उरतंच. शत्रूच्या गोळीने गेलेल्या मुलाबद्दल बोलायला समाजाकडे शब्द तयार असतात. आपल्याच हाताने गेलेल्याबद्दल ते कुणाकडेच नसतात.

मराठीत युद्धाबद्दल लिहिलं गेलं नाही असं नाही. १८५७ च्या धामधुमीत सापडलेल्या विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला, तो लढणाऱ्याने नव्हे तर लढाईत अडकलेल्या भिक्षुकाने, आणि म्हणूनच तो आजही जिवंत वाटतो. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी ‘न सांगण्याजोगी गोष्ट’मध्ये १९६२ च्या पराभवाला तोंड दिलं. अनुराधा गोरे यांनी आपला मुलगा, कॅप्टन विनायक गोरे, गेल्यानंतर सैनिकांवर निष्ठेने लिहिलं. तरीही आपली बहुतेक युद्धपुस्तकं दोन जागी येऊन थांबतात, पदकापाशी नाहीतर तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीपाशी. जो पदक न घेता, पेटीत न येता, स्वतःच्या पायांनी एसटीतून उतरून घरी येतो त्याच्यासाठी आपल्याकडे प्रकरणच नाही.

मेसन असाच घरी आला. बायको होती, लहान मुलगा होता, नोकरीही होती. फोर्ट वोल्टर्सलाच तो नव्या पोरांना शिकवायला लागला. त्याच्या शरीरावर जखम नव्हती. पण झोप गेली होती. डोळा लागला की विजेचा झटका बसावा तसा तो बिछान्यातून ताडकन उठे. उडताना भोवळ यायला लागली. डॉक्टरांनी त्याचं उड्डाण बंद केलं आणि ज्या एका गोष्टीसाठी तो सैन्यात गेला होता तीच हातातून गेली. दारू आली. १९६८ मध्ये त्याने सैन्य सोडलं. मग नोकऱ्या, धंदे, फसलेले बेत. १९८१ मध्ये होडीतून गांजाची तस्करी करताना तो पकडला गेला. पुस्तक बाजारात आलं, गाजलं, भरपूर खपलं, आणि त्याच सुमारास त्याचा लेखक फ्लोरिडातल्या तुरुंगात शिक्षा भोगायला गेला.

हे वाचून कुणी म्हणेल, इतके वैमानिक परतले, सगळेच काही तस्कर झाले नाहीत. बरोबर आहे. मेसनही तसा बचाव करत नाही. युद्धाने मला गुन्हेगार केलं असं तो कुठे म्हणत नाही. घडलं ते सांगतो आणि जोडणी वाचकावर सोडतो. मला हा त्याचा सगळ्यात मोठा प्रामाणिकपणा वाटतो. त्याच्या या आजाराला अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत सूचीत पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक तणाव-विकार, म्हणून जागा मिळाली ती १९८० मध्ये. त्याआधी चौदा वर्षं तो हा आजार अंगावर वागवत होता आणि त्याला काय झालंय हे सांगणारं कुणी नव्हतं.

इथे आपला जिल्हा डोळ्यांसमोर येतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी यवतमाळचं नाव देशभर गेलं. मंत्री आले, पॅकेजं आली. २०१५ मध्ये यवतमाळ आणि उस्मानाबादेत बळीराजा चेतना अभियान सुरू झालं, ‘प्रेरणा’ प्रकल्पातून आशाताई घरोघर जाऊन माणसाच्या मनाची चौकशी करायला लागल्या. झोप लागते का, जेवण जातं का, कशात मन लागतं का. किती पुरुषांनी या प्रश्नांची खरी उत्तरं दिली असतील? ‘बरं आहे’ म्हणून दाराशीच बोळवण करायची आपली रीत. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं दगावली. मेलेल्यांचे आकडे रोज छापून येत होते. जे वाचले, ज्यांच्या डोळ्यांवर आणि हातापायांवर परिणाम झाला, त्यांचं पुढे काय झालं हे वाचायला मिळालं का? मेसनला जो प्रश्न पडला तो आपल्या गावांत रोज उभा आहे. फक्त तिथे त्याचं पुस्तक झालं.

आणि एकदा आपल्याकडेही झालं, ते पुस्तकाच्या नाही तर रंगमंचाच्या रूपाने. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाच्या निमंत्रणावरून झालेल्या वादाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. माझ्या लेखी त्या संमेलनातली मोठी गोष्ट ही की शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या बाई. ‘तेरवं’ या नाटकात त्या काम करत होत्या. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या त्या नाटकात अशा घरांतल्या बायाच उभ्या राहून स्वतःचं सांगत होत्या. मेलेल्यावर बोलणारे खूप असतात. या बाया स्वतःच्या उरलेल्या आयुष्यावर बोलल्या.

मेसनच्या घरातही असं सांगणारी एक बाई होती. त्याची बायको पेशन्स. १९९० मध्ये तिने ‘रिकव्हरिंग फ्रॉम द वॉर’ हे पुस्तक लिहिलं, परतलेल्या सैनिकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. रात्री दचकून उठणाऱ्या माणसाशेजारी झोपणारी बाई काय सोसते, तिने काय करावं, कुठे थांबावं, हे त्यात साध्या भाषेत आहे. आम्ही ‘चिकनहॉक’ संपल्यावर तिचं पुस्तक घेणार आहोत. मेसनने स्वतः १९९३ मध्ये ‘बॅक इन द वर्ल्ड’ नावाने पुढचा भाग लिहिला. त्यात तुरुंग आहे आणि तुरुंगानंतरचं सावरणं आहे. ते पहिल्यासारखं पकड घेत नाही, पण पहिलं वाचलेल्याने ते टाळू नये.

पुस्तकाची एक उणीव स्पष्ट सांगायला हवी. ज्यांच्या देशात हे युद्ध चाललं ते व्हिएतनामी लोक यात फार थोडे दिसतात. बहुतेक वेळा ते झाडीतून येणाऱ्या गोळ्या असतात, नाहीतर तळाबाहेरचे फेरीवाले. वैमानिक वरून पाहतो, आणि वरून माणूस लहान दिसतो. मेसनला हे कळत असावं अशा जागा पुस्तकात आहेत, पण त्या पुरेशा नाहीत. म्हणून सोबत बाओ निन्ह यांची ‘द सॉरो ऑफ वॉर’ ही कादंबरी वाचावी. ते उत्तर व्हिएतनामच्या फौजेत होते. त्यांच्या ब्रिगेडमधून गेलेल्या पाचशे तरुणांपैकी दहा जण वाचले, त्यांतले ते एक. डोंगराळ पट्टा तोच, जंगल तेच, आणि झोप न लागणंही तेच. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली की शत्रू नावाच्या माणसालाही रात्री घरी परतावं लागतं हे दिसतं.

आपल्या जिल्ह्यानेही सैन्याला माणसं दिली आहेत. वणी तालुक्यातल्या पुरडचे विकास कुळमेथे १८ सप्टेंबर २०१६ ला उरीच्या हल्ल्यात शहीद झाले तेव्हा सगळा जिल्हा हळहळला. पण सियाचीनला, काश्मीरला, ईशान्येला वर्षानुवर्षं राहून निवृत्त झालेले, आता बँकेत नाहीतर शाळेच्या फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी करणारे माजी सैनिक जवळपास प्रत्येक तालुक्यात आहेत. ध्वजदिनाला, ७ डिसेंबरला, आपण त्यांना हार घालतो. त्यांना बसवून त्यांचं ऐकत नाही.

म्हणून वाचकांना माझं सांगणं असं. पुस्तक सुरुवातीपासून वाचा, सराव आणि तंत्र गाळू नका, आणि मेसन घरी परततो तिथे पुस्तक खाली ठेवू नका. खरं पुस्तक तिथून पुढे आहे. वणी, पुसद, उमरखेड, दारव्हा, दिग्रस, कुठल्याही गावात तुमच्या ओळखीचे माजी सैनिक असतील तर त्यांना वाचनाला घेऊन या, आणि त्यांच्या बायकांनाही आणा. ज्यांना लिहावंसं वाटेल त्यांनी लिहावं, वऱ्हाडीत, गोंडीत, बंजारा बोलीत, जी भाषा तोंडात बसेल तिच्यात. ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांनी सांगावं. आम्ही बसून लिहून घेऊ, वाचून दाखवू, आणि त्यांनी होकार दिला तरच पुढे नेऊ.